अडेलतट्टूचे अध्यापन

दोन वर्षांच्या वछेऱ्याला मोहरकी घालणे, म्हणजे त्याच्या नाकावरून आणि कानांमागून जाणारी दोरीची अथवा चामड्याची साधी बांधणी डोक्यावर अडकवणे, ही क्रिया अश्वशिक्षणावरील पुस्तकांत सहसा ओझरत्या उल्लेखात उरकलेली असते. ‘मोहरकी घालून झाल्यावर पुढील धड्यास आरंभ करावा’ अशा थाटाची ती वाक्ये असतात, आणि त्यातल्या ‘झाल्यावर’च्या पोटात मालकाची सकाळ, त्याची न्याहारी, नवा सदरा, शेजाऱ्यांत आजवर राखलेली पत आणि उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख अशा कितीतरी गोष्टी गडप झालेल्या असतात, याची ग्रंथकार दखलही घेत नाहीत. वछेऱ्याची, म्हणजे अजून स्वारीला न लागलेल्या तरण्या घोड्याची, बाजू मात्र अगदी सरळ असते. त्याला कान आहेत, ते त्याचे स्वतःचे आहेत आणि त्यांच्यामागे काय अडकवावे याचा निर्णय त्याला न विचारता झालेला आहे. जगातील बहुतेक हट्ट याहून कच्च्या पायावर उभे असतात.

अशा वछेऱ्याची खरेदी कशी होते हे पाहिले, म्हणजे पुढच्या अनर्थाचा उगम ध्यानात येतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी वसलेल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार लागतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोडी, गाढवे, उंट असा चतुष्पाद समाज गोळा होतो. या बाजारांत घोडा पारखण्याचे शास्त्र चांगलेच मुरलेले आहे. गिऱ्हाईक प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहते, कारण साधारण अडीच वर्षांच्या वयाला पुढचे मधले दुधाचे दात पडू लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत समोरचे सगळे दात बदलतात. घोड्याच्या वयाचा दाखला असा त्याच्या जबड्यात असतो, विक्रेत्याच्या जबड्यात तो सापडेलच असे नाही. त्यानंतर अंगावरचे भोवरे, म्हणजे केस गोल फिरून बसलेल्या जागा, तपासल्या जातात. गळ्यावरचा ‘देवमण’ हा भोवरा शुभ मानतात, डोळ्याखालचा अशुभ. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असेल तर जनावर ‘पंचकल्याणी’ ठरते आणि विक्रेत्याचा आवाज व किंमत दोन्ही चढतात. एवढी छाननी होत असताना या प्राण्याला माणसाची संगत कितपत रुचते, हा प्रश्न सहसा निघत नाही, आणि निघालाच तर संवाद साधारण असा होतो :

‘‘स्वभावाला कसं आहे हो?’’

‘‘लेकरू आहे, शेठ. दोरीला धरून पोरंबी फिरवतात.’’

‘‘मग आत्ता चौघांनी का धरलंय?’’

‘‘गर्दीला लाजतंय.’’

लाजरे लेकरू घरी पोचण्यापूर्वीच त्याचे नामकरण झालेले असते. बादल, तुफान, सुलतान, चेतक ही नावे लोकप्रिय आहेत. घोड्याचे नाव शांताराम ठेवल्याचे ऐकिवात नाही, आणि तरीही तुफान नावाचा प्राणी नावाला जागला की घरातील सर्वांना आश्चर्य वाटते. याच सुमारास कुटुंबाचा इतिहासही उजळून निघतो. मराठी फौजा १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोचल्या ही इतिहासातील घटना. परंतु दारात घोडा आला की ती घरगुती घटना होते आणि ‘आपल्या रक्तातच आहे ते’ असे विधान, ज्या रक्ताने आजवर स्कूटरखेरीज कशावरही मांड टाकलेली नाही त्या रक्ताविषयी, अतिशय गांभीर्याने केले जाते.

रक्तातील हा गुण टेम्पोच्या मागच्या फळीपाशी प्रथम कसोटीला लागतो. चढताना एवढा त्रास झाला म्हणजे उतरताना तरी होणार नाही, असा सर्वांचा समज असतो. वछेऱ्याने मात्र तेवढ्या प्रवासात टेम्पोलाच आपले घर मानलेले असते. पुढून दोघे ओढतात, बाजूने तिघे आवाज करतात, एक जण युक्तीने फळीवर हिरवे गवत पसरतो आणि वछेरा पाय न हलवता, मान जेवढी लांब होईल तेवढी करून, ते गवत संपवतो. टेम्पोवाला थांबण्याच्या भाड्याचा विषय काढतो. अखेर सगळे कंटाळून चहाला जातात तेव्हा स्वारी आपण होऊन खाली उतरते आणि अंगणातल्या तुळशीचा समाचार घेऊ लागते. कोणी ओढत नसले की पुढे जायला हरकत नाही, हे मत त्याने पहिल्याच दिवशी इतक्या स्पष्टपणे मांडलेले असते. परंतु चहा गरम असल्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते.

या वागण्याला दुष्टपणा म्हणण्याची घाई केली जाते, वास्तविक त्याचे मूळ शरीररचनेत आहे. घोडा हा इतरांचे भक्ष्य होत आलेल्या प्राण्यांपैकी आहे आणि संशय आला की आधी पळावे, मग विचार करावा, या धोरणावर त्याच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षे काढली आहेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला एकाच वेळी सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग तेवढा नजरेआड राहतो. निसर्गाने न दिसणाऱ्या अशा दोनच जागा ठेवल्या आणि मनुष्यप्राणी नेमका त्याच दोन वाटांनी घोड्याकडे जातो. मालक प्रेमभराने समोरून येऊन कपाळावर हात ठेवतो, म्हणजे वछेऱ्याच्या दृष्टीने कोठून तरी एक हात एकाएकी प्रकट होतो, आणि तो मान वर झटकून मालकाच्या हनुवटीची चौकशी करतो. मग मालकाचा मेव्हणा ‘थांबा, मी मागून धरतो’ असे म्हणून दुसरी जागा गाठतो, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस उभ्याने जेवतो.

भीतीच्या विषयांची यादीही वाचनीय असते. उडणारी पिशवी, उघडी छत्री, पाण्याची मोटर, दोरीवर वाळणारे धोतर यांचे समजू शकते. परंतु रोज ज्या बादलीतून पाणी प्यायचे तीच बादली दोन हात सरकवून ठेवली, तर तिच्यात काल नसलेला काही तरी हेतू आज दडलेला आहे, असे वछेऱ्याचे ठाम मत होते. घोड्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, लाल आणि हिरवा यांत तो गल्लत करतो. त्यामुळे मालकिणीने हौसेने विणलेल्या लाल गोंड्यांचे त्याला कौतुक नसते आणि दोन शेते पलीकडच्या घरावर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीवर मात्र त्याची सदैव पाळत असते.

अशा विद्यार्थ्याला शिकवण्याचा जो मूळ नियम आहे त्याला ‘दाब आणि सोड’ म्हणता येईल. दाब म्हणजे दोरीचा ताण, टाचेचा स्पर्श किंवा माणसाने नुसते एक पाऊल पुढे येणे. सोड म्हणजे हवी ती हालचाल होताच तो दाब तत्क्षणी काढून घेणे. घोड्याचे शिक्षण होते ते सोडीच्या क्षणी : त्रास थांबला तेव्हा आपण जे करीत होतो तेच बरोबर उत्तर, अशी त्याची सरळ नोंद असते. या नियमाचे परिणाम दूरवर जातात. मालक दोरी ओढतो, अडीच-तीनशे किलोंचा वछेरा चारही पाय रोवतो, मालकाचे तळहात सोलतात आणि ‘थांब, बघतोच तुला’ असे बजावून तो हळद लावायला घरात जातो. मालकाच्या हिशेबी हा धडा अर्धवट राहिलेला असतो. वछेऱ्याच्या हिशेबी तो उत्तम रीतीने पूर्ण झालेला असतो, कारण पाय रोवले की माणूस निघून जातो, हा सिद्धांत त्याला आज सोदाहरण शिकवण्यात आला. दुसऱ्या दिवशी तो पाय अधिक लवकर आणि अधिक घट्ट रोवतो. शिकवलेले लक्षात ठेवणारा विद्यार्थी मिळत नाही ही शिक्षकवर्गाची जुनी तक्रार आहे; येथे तसा विद्यार्थी मिळालेला असतो आणि तक्रार तरीही चालूच राहते. मोबाइलने तर या शास्त्रात वेगळाच गोंधळ घातला आहे. घंटी वाजताच मालकाचा हात सैल पडतो, आणि त्या क्षणी वछेरा मालकाची बाही चघळत असला, तर बाही चघळणे हे विश्वासाचे पहिले पाऊल आहे असा त्याचा प्रामाणिक समज होतो.

प्रकरण या थराला गेले की चाबुकस्वाराला बोलावणे धाडतात. चाबुकस्वार म्हणजे कोवळ्या जनावराला स्वारीसाठी तयार करणारा जाणकार. नावात चाबूक असला तरी जाणत्या माणसाचा चाबूक बहुतेक वेळ काखेतच असतो. गावात त्याला सगळे चाचा म्हणतात. चाचा येतात, वछेऱ्याकडे ढुंकूनही न पाहता कुंपणाच्या आत एक बादली पालथी घालतात, त्याच्याकडे पाठ करून तिच्यावर बसतात, विडी काढतात, ती न पेटवता परत खिशात ठेवतात आणि यापलीकडे काहीही करीत नाहीत. रोजाने पैसे मोजणाऱ्या मालकाला हे दृश्य फार काळ पाहवत नाही.

‘‘चाचा, काम कधी सुरू करायचं?’’

‘‘सुरू आहे, शेठ.’’

‘‘नाही, म्हणजे घोड्याचं.’’

‘‘त्याचंच सुरू आहे. तुमचं उद्यापासून धरू.’’

कोवळा घोडा जितका भित्रा तितकाच चौकस असतो, आणि जो माणूस आपल्या मागे लागत नाही तो येथे आला तरी कशासाठी, हे कोडे त्याला स्वस्थ बसू देत नाही. तो एक पाऊल पुढे येतो, दोन मागे जातो, फुरफुरतो आणि शेवटी चाचांच्या टोपीचा वास घेतो. चाचांचा हात मग सावकाश वर जातो तो मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्याकडे. घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात ती याच भागात, आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की तेथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. वछेऱ्याने अंग काढून घेण्याच्या क्षणभर आधी चाचा हात मागे घेतात, त्यामुळे पळून जाण्याचे समाधान त्या बिचाऱ्याला मिळतच नाही. हे पाहून स्फूर्ती आलेला मालक पुढे होऊन त्याच मानेवर सणसणीत थाप मारतो आणि ‘शाब्बास’ म्हणतो. घोड्यांच्या समाजात थोपटण्याची चाल नसल्यामुळे वछेरा त्या शाबासकीपासून चार पावले दूर जातो. थोड्या वेळाने तो ओठ चाटतो आणि रिकामे तोंड चघळतो. ‘‘बसला का विश्वास?’’ असे मालक विचारतो. ‘‘ताण उतरला,’’ चाचा सांगतात, ‘‘विश्वासाला अवकाश आहे.’’

तोपर्यंत कुंपणाबाहेर विद्वानांची सभा भरलेली असते आणि तिच्यात चार संप्रदाय स्पष्ट दिसतात. पहिला क्षुधावादी. चंदी, म्हणजे घोड्याला देण्यात येणारा हरभऱ्यासारख्या धान्याचा खुराक, दोन दिवस बंद केली की जनावर शरण येते, असे या पंथाचे म्हणणे असते, आणि ते म्हणायला त्याचे अनुयायी भरपेट नाश्ता करून आलेले असतात. दुसरा दंडवादी : ‘एकदा हाणा, जन्मभर लक्षात राहील.’ हे विधान शंभर टक्के खरे आहे आणि चाचांचा त्याला आक्षेप आहे तो याच कारणासाठी. तिसरा गूळवादी. गुळाच्या खड्याने जग जिंकता येते या श्रद्धेने हे लोक हातावर गूळ धरतात. वछेरा तीन दिवसांत विरघळतो, चौथ्या दिवसापासून प्रत्येकाचे खिसे तपासू लागतो आणि पाचव्या दिवशी मालकाच्या खिशातले विजेचे बिल, अंतिम तारखेसकट, गिळून टाकतो. चौथा पंथ चित्रफीतवाद्यांचा आहे. परदेशातील कोणी गृहस्थ गोल कुंपणात रानटी घोड्याला अर्ध्या तासात पाळीव करतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असते, आणि चाचांना ते दाखवण्यासाठी ते कुंपणावरून हात लांब करतात; तेवढ्यात वछेरा मोबाइलचा वास घ्यायला येतो आणि या पंथाचे अनुयायी सर्वांत आधी पांगतात. चारही संप्रदायांचे अधिष्ठान एकच असते.

‘‘दादा, तुमच्याकडे घोडा होता काय?’’

‘‘आमच्याकडे नव्हता. मामाच्या गावाला होता.’’

‘‘मग काय झालं?’’

‘‘पळाला.’’

सल्ल्याची ही परंपरा प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपास मितन्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने रथाच्या घोड्यांचा दिवसवार कार्यक्रम सांगितला आणि तो हित्ती राज्यातील मातीच्या पाट्यांवर लिहिला गेला. किती पळवावे, काय चारावे, केव्हा धुवावे, हे सर्व त्यात आहे आणि आरंभीच शिक्षकाचे नाव व हुद्दाही आहे. घोड्यांचे म्हणणे तेवढे नोंदवायचे राहिले. ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेल्या अश्वविद्येवरील ग्रंथात रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, असा नियम घालून दिला. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटेपणी होतो, अन्नपाणी आणि सुटका मात्र माणसामुळे मिळते, असे शिंगराला, म्हणजे घोडीच्या पिलाला, लहानपणीच वाटू लागले पाहिजे, असेही त्याने सुचवले. वछेरा शिक्षकाच्या हवाली करताना त्याला काय काय यायला हवे याचा लेखी करार करावा, अशीही त्याची सूचना आहे, यावरून मालक आणि शिक्षक यांच्यातील वाद तेव्हाही चुकत नसावेत. हे सारे ज्ञान तेवीसशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे आणि प्रत्येक नवा मालक ते हळदीच्या लेपासकट पुन्हा शोधून काढतो.

या क्षेत्राचे सर्वांत मोठे नुकसान मात्र अलेक्झांडरने केले आहे. प्लुटार्कने सांगितलेली कथा प्रसिद्ध आहे : तेरा टॅलंट किंमत सांगितलेला ब्युसेफॅलस कोणालाच आवरेना, तेव्हा तो स्वतःच्या सावलीला बुजतो हे राजपुत्राने हेरले, त्याचे तोंड सूर्याकडे वळवले आणि पाहता पाहता त्याच्यावर मांड ठोकली; बाप फिलिप आनंदाने रडला. ही गोष्ट ऐकलेल्या प्रत्येक मालकाला आपणही एका नजरेत घोड्याचे अंतरंग ओळखू असे वाटते, आणि वछेऱ्याचे तोंड सूर्याकडे करण्याचा प्रयोग तो नेमका आभाळ भरून आलेल्या दिवशी करतो. सूर्य कोणत्या बाजूला असावा यावर कुंपणाबाहेर दोन तट पडतात, वछेरा तिसरीच दिशा पसंत करतो आणि ओट्यावरून मालकाचे वडील फिलिपहून निराळ्या आवाजात ओरडतात, ‘‘अरे, बाजूला हो, हाड मोडून घेशील!’’

आधुनिक संशोधनाने मालकाची उरलीसुरली झाकली मूठही उघडी पाडली आहे. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवत असे. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ मध्ये दाखवून दिले की हान्सला अंकगणित येत नव्हते. बरोबर आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात आणि अंगात नकळत जो बदल होई, तो त्याला अचूक वाचता येत होता. स्वीडनमधील संशोधकांच्या २००९ मधील अभ्यासात घोडा चालवणाऱ्यांना, तुम्ही पुढे गेलात की एक छत्री फटकन उघडली जाईल, असे सांगण्यात आले. छत्री कोणी उघडलीच नाही, तरीही ती उघडेल या धास्तीने माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि छत्रीच्या बेताची काहीच कल्पना नसलेल्या घोड्यांचेही वाढले. याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘मी मुळीच घाबरलेलो नाही’ हे वाक्य सगळ्या गावाला पटवता येते, फक्त ज्याला पटवायचे असते त्याला पटत नाही.

मालक मग शांत होण्याचा अभ्यास सुरू करतो. तो हळू चालतो, दीर्घ श्वास घेतो, खालच्या पट्टीत अभंग गुणगुणतो, आणि या परिवर्तनाची पहिली नोंद तबेल्याबाहेर होते.

‘‘अहो, इतक्या हळू आवाजात घरात कधी बोलला नाहीत.’’

‘‘आवाज चढवला की तो बिथरतो.’’

‘‘आम्ही बिथरत नाही, म्हणून आमच्यावर चढवता वाटतं?’’

या प्रश्नाला अश्वशास्त्रात उत्तर नसल्यामुळे मालक पुढच्या धड्याकडे वळतो. हा धडा कावा देण्याचा, म्हणजे लांब दोरीवर घोड्याला वर्तुळात फिरवण्याचा. माणूस मध्यभागी आणि घोडा परिघावर अशी त्याची शास्त्रोक्त रचना आहे. आरंभीचे काही दिवस ती उलट असते : वछेरा मध्यभागी गवत खात उभा राहतो आणि दोरी हातात घेतलेला मालक त्याच्याभोवती घाम गाळत फेऱ्या मारतो. दोरी हाताला गुंडाळू नये, हा यातील पहिला नियम. तो मोडणाऱ्याला वछेरा शेजारच्या ज्वारीच्या शेतातून फिरवून आणतो आणि मग नियम पुन्हा सांगावा लागत नाही. शिवाय प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी शिकवावी लागते. तलवार डाव्या कमरेला असे म्हणून घोड्यावर डावीकडून चढण्याची रीत पडली, असे सांगतात. तलवारी गेल्या, रीत राहिली, आणि मालकाने सगळे लाड डावीकडूनच केलेले असतात. तोच मालक एके सकाळी उजवीकडून आला, की हा कोण नवा इसम, अशा नजरेने वछेरा त्याला न्याहाळतो आणि ओळखपरेड पहिल्यापासून घ्यावी लागते.

खोगीर चढवण्यापूर्वी पाठीवर गाशा, म्हणजे खोगिराखालचे जाड कापड, टाकतात. वछेरा तो दातांनी ओढून खाली पाडतो, त्यामुळे गाशा गुंडाळण्याची पाळी रोज माणसावर येते. गाशा टिकला की खोगीर, आणि खोगीर टिकले की तंग, म्हणजे पोटाखालून आवळण्याचा पट्टा. तंग आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात आणि आवळून झाल्यावर श्वास सोडतात; हे ठाऊक नसलेला स्वार रिकिबीत पाय घालून चढतो आणि खोगिरासह सावकाश प्रदक्षिणा करीत जनावराच्या पोटाखाली पोचतो. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते, म्हणून वछेऱ्यावर पहिले ओझे हलके आणि थोडाच वेळ ठेवावे, असा संकेत आहे. चाचा त्यासाठी घरातला सर्वांत सडपातळ पुतण्या निवडतात तेव्हा मालकाचा स्वाभिमान दुखावतो.

‘‘पहिला मी बसणार.’’

‘‘शेठ, त्याची हाडं अजून कच्ची आहेत.’’

‘‘आणि माझी?’’

‘‘तुमची पिकली आहेत. म्हणूनच नको.’’

तरीही एक दिवस असा येतो की मालक पाठीवर बसला आणि वछेरा गुण्यागोविंदाने अंगणभर चालला, असे घडते. ते पाहायला अर्थात कोणीही हजर नसते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त काढतात, पाहुणे बोलावतात, छायाचित्रकार ठरवतात. मालक फेटा बांधून, अत्तर लावून, नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्याने हसत येतो आणि वछेरा जागच्या जागी खिळतो. कुंपणावर चारही संप्रदाय जागे होतात, मालकाच्या आवाजाची पट्टी चढते, वछेऱ्याचे कान मागे जातात. चाचा एवढेच म्हणतात, ‘‘फेटा काढा, शेठ. त्यानं तुम्हाला ओळखलं नाही.’’ फेटा निघतो, हसणे थांबते, कालचा अभंग कालच्याच पट्टीत सुरू होतो आणि वछेरा चालू लागतो. छायाचित्रकार त्या वेळी बॅटरी बदलत असतो.

ज्याला विश्वास म्हणून मोठ्या आवाजात गौरवले जाते, तो वछेऱ्याच्या लेखी एवढाच असतो : काल जो माणूस आला होता तोच आजही यावा. हा नियम घोड्याला सोपा आणि माणसाला महाकठीण आहे, कारण माणूस सकाळी एक, गिऱ्हाइकासमोर दुसरा, पाहुण्यांत तिसरा आणि हार होऊ लागली की चौथाच असतो, आणि या चौघांपैकी कोणाच्या हातात आपली दोरी आहे हे समजेपर्यंत पाय रोवून उभे राहणे, यात वछेऱ्याची चूक काढता येत नाही. अडेलतट्टू ही पदवी दोरीच्या नेमक्या कोणत्या टोकाला द्यावी, याचा निकाल यावरून लावण्यास हरकत नसावी. या विषयावर विद्वत्तापूर्ण लेखन करणाऱ्यांनीही आपण ज्या आसनावर बसून लिहितो ते चार पायांचे असले तरी लाथ मारीत नाही, याची आठवण ठेवलेली बरी. वाचकांना विनंती एवढीच की, कोठे एखादा गृहस्थ वछेऱ्यासमोर तासभर नुसता उभा असलेला दिसला आणि सल्ला जिभेच्या टोकाशी आला, तर तो गिळावा आणि शेजारची रिकामी बादली भरून, रोजच्याच जागी नेऊन ठेवावी. घोड्याला दिवसाला साधारण २० ते ४० लिटर पाणी लागते. सल्ला लागत नाही.